ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल का घटते? रक्तातील प्रथिने आणि कोलेस्टेरॉलची देवाणघेवाण

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या लॅबमधून मिळालेला लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट उघडला, तर त्यात एक जोडी फार वेळा आढळते: ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद) वाढलेले आणि एचडीएल (‘चांगले कोलेस्टेरॉल’) कमी. ही केवळ खानदेशाची स्थिती नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडिया-बी’ या पाहणीचे महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ७२.३ टक्के प्रौढांचे एचडीएल कमी होते आणि २९.५ टक्के प्रौढांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. एलडीएल (‘वाईट कोलेस्टेरॉल’) वाढलेल्यांचे प्रमाण मात्र ११.८ टक्केच होते. रिपोर्ट हातात पडल्यावर बहुतेक जण या दोन आकड्यांकडे दोन वेगळे दोष म्हणून पाहतात आणि मग ‘चांगले कोलेस्टेरॉल’ वाढवणारी गोळी किंवा काढा शोधू लागतात. पुष्कळदा हे दोन्ही आकडे एकाच घडामोडीतून आलेले असतात. रक्तात फिरणाऱ्या मेदाच्या कणांमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांची सतत अदलाबदल चालू असते, आणि ती किती वेगाने व कोणत्या दिशेने व्हावी हे रक्तातील काही प्रथिने ठरवतात. ती प्रथिने नीट समजून घेतली, तर रिपोर्टकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मेद पाण्यात विरघळत नाही आणि रक्ताचा द्रव भाग मुख्यतः पाणीच असतो. म्हणून शरीर मेदाचे सूक्ष्म कण बांधते. त्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. कणाच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर हे पाण्यापासून दूर पळणारे पदार्थ असतात, तर बाहेरच्या पातळ थरात फॉस्फोलिपिड, थोडे मोकळे कोलेस्टेरॉल आणि अपोलिपोप्रोटीन (थोडक्यात ‘एपो’) नावाची प्रथिने असतात. जेवणानंतर आतड्यातून निघणारे कायलोमायक्रॉन सर्वांत मोठे असतात. यकृतातून निघणारे व्हीएलडीएल त्यांच्याहून लहान असतात. या दोन्हींत ट्रायग्लिसराइडच अधिक असते. व्हीएलडीएलमधील ट्रायग्लिसराइड शरीराने वापरून टाकल्यावर जे उरते, त्यातून एलडीएल तयार होते. एचडीएल सर्वांत लहान, साधारण ७ ते १२ नॅनोमीटर व्यासाचे, आणि त्याचे मुख्य प्रथिन एपो ए-१. एलडीएलवर मात्र एपो बी-१०० हे प्रचंड मोठे प्रथिन असते आणि प्रत्येक कणावर त्याचा एक आणि एकच रेणू असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

कोलेस्टेरॉल रक्तात दोन रूपांत आढळते. मोकळे कोलेस्टेरॉल कणाच्या पृष्ठभागावर राहते आणि एका कणावरून दुसऱ्या कणावर ते स्वतःहूनही जाऊ शकते. त्याला मेदाम्लाची एक साखळी जोडली की त्याचे कोलेस्टेरॉल एस्टर होते. ते पृष्ठभागावर टिकत नाही आणि गाभ्यात शिरते. ही जोडणी करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, एलकॅट म्हणतात. जॉन ग्लोमसेट यांनी १९६२ मध्ये त्याचे कार्य दाखवून दिले. एलकॅट मुख्यतः एचडीएलच्या पृष्ठभागावर काम करते आणि त्याला चालना देण्याचे काम एपो ए-१ करते. फॉस्फोलिपिडमधील एक मेदाम्ल काढून ते कोलेस्टेरॉलला जोडले जाते, मागे उरलेला लायसोलेसिथिन हा पदार्थ रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन उचलून नेते, आणि एचडीएलचा पृष्ठभाग पुढच्या कोलेस्टेरॉलसाठी मोकळा होतो. पेशींमधून बाहेर येणारे जादा कोलेस्टेरॉल एचडीएलकडे ओढले जाण्यात या प्रक्रियेचा मोठा वाटा आहे. एलकॅट नसेल तर काय होते, हे नॉर्वेतील एका कुटुंबाच्या अभ्यासातून १९६७ मध्ये समोर आले: या लोकांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलावर धूसरपणा येतो, रक्तक्षय होतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. निरोगी माणसाच्या रक्तद्रवातील दोन तृतीयांशाहून अधिक कोलेस्टेरॉल एस्टरच्या रूपात असते आणि त्यातील बहुतांश एलकॅटनेच घडवलेले असते.

म्हणजे एस्टर तयार होते प्रामुख्याने एचडीएलवर; पण रक्त तपासले तर बहुसंख्य माणसांत त्याचा मोठा साठा एलडीएलमध्ये आढळतो. मग ते तिथे पोहोचते कसे? १९६५ मध्ये निकोल्स आणि स्मिथ यांना असे दिसले, की माणसाचे रक्तजल उबदार ठेवले तर व्हीएलडीएलमधील ट्रायग्लिसराइड इतर कणांत जाते आणि त्यांच्यातील कोलेस्टेरॉल एस्टर व्हीएलडीएलमध्ये येते. ही अदलाबदल आपोआप होण्यासारखी नाही, कारण हे दोन्ही पदार्थ पाण्यातून एकटे प्रवास करू शकत नाहीत. १९७५ मध्ये डोनाल्ड झिल्व्हरस्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या रक्तद्रवातून सर्व लिपोप्रोटीन काढून टाकल्यावर उरलेल्या भागात ही अदलाबदल घडवणारे प्रथिन असल्याचे दाखवले. आज ते सीईटीपी, म्हणजे कोलेस्टेरिल एस्टर ट्रान्सफर प्रोटीन, या नावाने ओळखले जाते. ते मुख्यतः यकृतात आणि चरबीच्या पेशींत तयार होते, त्याचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे, आणि रक्तद्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये ते अवघे एक ते तीन मायक्रोग्रॅम असते. इतक्या थोड्या प्रथिनाने संपूर्ण रक्तातील कोलेस्टेरॉलची वाटणी बदलावी, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

सीईटीपीच्या आकाराबद्दल केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या वाचकाला फार समजावावे लागणार नाही: त्याचा रेणू केळ्यासारखा लांबट आणि मध्ये वाकलेला असतो, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनीही त्याचे वर्णन याच शब्दात केले आहे. २००७ मध्ये त्याची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली. रेणूच्या आतून सुमारे सहा नॅनोमीटर लांबीचा एक बोगदा जातो, त्यात कोलेस्टेरॉल एस्टरचे दोन रेणू बसलेले असतात आणि बोगद्याच्या दोन तोंडांशी फॉस्फोलिपिडचा एकेक रेणू बुचासारखा असतो. काम नेमके कसे चालते याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार सीईटीपी एका कणाला चिकटते, माल घेते, सुटते आणि दुसऱ्या कणाला जाऊन चिकटते. दुसऱ्या मतानुसार ते एका टोकाने एचडीएलमध्ये आणि दुसऱ्या टोकाने एलडीएल किंवा व्हीएलडीएलमध्ये शिरते आणि मेद बोगद्यातून सरकतो. २०१२ मध्ये दोन कणांना जोडणाऱ्या सीईटीपीची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्या मताला बळ आले, तरी वाद मिटलेला नाही.

यंत्रणा कोणतीही असो, सीईटीपीला स्वतःची दिशा नसते. ते ऊर्जा खर्च करत नाही आणि चढावर काही ढकलत नाही. ज्या कणात जे जास्त आहे ते कमी असलेल्या कणाकडे जाऊ देते. कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड भरपूर, एचडीएल आणि एलडीएलमध्ये कोलेस्टेरॉल एस्टर भरपूर; म्हणून एकीकडून ट्रायग्लिसराइड येते आणि दुसरीकडून एस्टर जाते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बहुतेक माणसांत या देवाणघेवाणीचा वेग सीईटीपी किती आहे यापेक्षा, ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात किती आहेत आणि किती वेळ रेंगाळतात यावर अधिक अवलंबून असतो.

या व्यवहाराला लगाम घालणारी प्रथिनेही रक्तात आहेत. १९८१ मध्ये मॉर्टन आणि झिल्व्हरस्मिट यांनी माणसाच्या रक्तद्रवात मेदाच्या हस्तांतरणाला अटकाव करणारे प्रथिन असल्याचे दाखवले. ते म्हणजे एपो एफ, हे नंतर स्पष्ट झाले. ते मुख्यतः एलडीएलशी होणारी अदलाबदल रोखते, त्यामुळे सीईटीपीचे काम एचडीएल आणि व्हीएलडीएल यांच्यात अधिक होते. दुसरा लगाम एपो सी-१ चा. हे केवळ ५७ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन, एचडीएलवर राहणारे आणि धन विद्युतभार भरपूर असलेले. एचडीएलच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि सीईटीपी त्याच्या आधाराने कणाला चिकटते. एपो सी-१ तो ऋण भार कमी करते, म्हणून सीईटीपीची पकड सैल होते. पण एपो सी-१ एका कणावर बांधलेले नसते. रक्तात व्हीएलडीएल वाढले की ते एचडीएल सोडून त्यांच्यावर जाऊन बसते आणि ज्या वेळी लगामाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी एचडीएलवरचा लगाम ढिला होतो. मधुमेहात आणखी एक भर पडते: साखर चिकटल्यामुळे एपो सी-१ चा विद्युतभार बदलतो आणि त्याची अटकाव करण्याची क्षमता घटल्याचे संशोधनात आढळले आहे.

पीएलटीपी नावाचे सीईटीपीचे एक नातलग प्रथिन फॉस्फोलिपिड हलवते. ट्रायग्लिसराइड संपून आकसलेल्या कणांवरचे जादा आवरण ते एचडीएलकडे नेते आणि एचडीएलचे लहानमोठे आकार घडवते.

यापेक्षा निर्णायक गट आहे तो ट्रायग्लिसराइडचा साठाच कमी-जास्त करणाऱ्या प्रथिनांचा. स्नायू आणि चरबी यांतील केशवाहिन्यांच्या भिंतीवर लिपोप्रोटीन लायपेज हे विकर असते. ते ट्रायग्लिसराइड तोडून मेदाम्ले पेशींना देते. कणावरचे एपो सी-२ त्याला चालू करते. एपो सी-३ त्याला अडवते आणि उरलेले कण यकृतात शोषले जाण्यातही आडकाठी आणते. एएनजीपीटीएल-३ हे यकृतात बनणारे प्रथिनही लायपेजला रोखते. या ओढाताणीत अडवणाऱ्यांची सरशी झाली, की ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात तासन्‌तास फिरत राहतात आणि तेवढा वेळ सीईटीपीला त्यांच्याशी देवाणघेवाण करायला मिळतो.

आता सुरुवातीची जोडी पाहू. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी खापरावरची पुरणपोळी, तूप आणि आमरसाची वाटी असे जेवण झाले, तर पुढचे काही तास रक्तात कायलोमायक्रॉन वाढलेले राहणार हे स्वाभाविकच आहे, आणि निरोगी माणसात लायपेज त्यांना संध्याकाळपर्यंत निकालात काढते. सणाच्या एका जेवणाने कोणाचे एचडीएल कायमचे घटत नाही. पण ज्याचे पोट सुटले आहे, ज्याच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, ज्याच्या यकृतात चरबी साठली आहे, त्याचे यकृत उपाशीपोटीसुद्धा मोठमोठे व्हीएलडीएल सोडत राहते आणि रोजचा साखरेचा चहा, मैद्याची बिस्किटे व गोड पेये त्याला कच्चा माल पुरवतात. अशा रक्तात सीईटीपी सतत व्यस्त असते. एचडीएलमधील कोलेस्टेरॉल एस्टर निघून जाते आणि त्या जागी ट्रायग्लिसराइड येऊन बसते. या बदललेल्या एचडीएलवर यकृतातील हेपॅटिक लायपेज हे विकर ताव मारते, कण आकसतो, त्यावरचे एपो ए-१ सुटते आणि मूत्रपिंडातून गाळले जाऊन नष्ट होते. म्हणजे आधी एचडीएलमधील कोलेस्टेरॉल कमी होते आणि मग एचडीएलचे कणही कमी होतात. एलडीएलच्या बाबतीतही असेच घडते: त्यात ट्रायग्लिसराइड शिरते, हेपॅटिक लायपेज ते काढून टाकते आणि लहान, घट्ट एलडीएल उरते. हे कण रक्तात अधिक काळ राहतात, धमनीच्या भिंतीत सहज शिरतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरणही लवकर होते. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी असल्याने रिपोर्टमधील एलडीएलचा आकडा मात्र साधारणच दिसतो. इथेच माणूस गाफील राहतो, आणि हा लेख लिहिण्याचे माझे मुख्य कारणही हेच आहे.

प्रयोगशाळेतील लहान-मोठ्या उंदरांच्या रक्तात सीईटीपी कार्य करत नाही. त्यांचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच राहते आणि साध्या आहारावर त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर साचत नाहीत. सशांत सीईटीपी भरपूर असते आणि त्यांच्या धमन्या लवकर बिघडतात. त्यामुळे उंदरावर अमुक पदार्थाने कोलेस्टेरॉल कमी झाले अशी बातमी आली, तर तो निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही.

या फरकावरूनच सीईटीपी बंद करावे ही कल्पना पुढे आली. जपानमध्ये १९९० मध्ये जनुकीय दोषामुळे सीईटीपी मुळीच नसलेल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांतील, दोन्ही पालकांकडून सदोष जनुक मिळालेल्या व्यक्तींचे एचडीएल सरासरी दर डेसिलीटरला १६० मिलिग्रॅमच्या पुढे होते. औषध कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतले. टॉरसेट्रॅपिब या पहिल्या मोठ्या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढवले आणि एलडीएल २५ टक्क्यांनी घटवले, तरीही १५,००० हून अधिक रुग्णांवर चाललेली चाचणी डिसेंबर २००६ मध्ये तातडीने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत होते. ते औषध सीईटीपीशी संबंध नसलेल्या मार्गाने अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक आणि रक्तदाब वाढवते, हे पुढे आढळले. डॅलसेट्रॅपिबची चाचणी २०१२ मध्ये आणि इव्हॅसेट्रॅपिबची २०१५ मध्ये उपयोग न दिसल्याने थांबली. अॅनासेट्रॅपिबची ३०,४४९ रुग्णांवरील चाचणी २०१७ मध्ये पूर्ण झाली; हृदयविकाराचे मोठे झटके आणि तत्सम घटना ११.८ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर आल्या. एचडीएल दुपटीने वाढूनही फायदा एवढाच, आणि तो एपो बी असलेल्या, म्हणजे एलडीएल व व्हीएलडीएल यांसारख्या, कणांतील कोलेस्टेरॉल जेवढे कमी झाले त्याच्याशी जुळणारा होता. कंपनीने ते औषध बाजारात आणले नाही.

जनुकांचा पुरावाही हेच सांगतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एचडीएलवर काम करणाऱ्या एंडोथेलियल लायपेज या विकराच्या जनुकातील बदलामुळे जन्मभर एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा धोका कमी असल्याचे दिसले नाही. २०१६ मध्ये तर यकृतातील एसआर-बी१ हे एचडीएलकडून कोलेस्टेरॉल घेणारे प्रथिन बिघडलेल्या व्यक्तींत एचडीएल खूप जास्त आणि तरी हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला. त्यांच्या रक्तातील एचडीएल माल घेऊन फिरत होते, पण ते उतरवून घेणारे कोणी नव्हते. एचडीएलचा आकडा म्हणजे त्या क्षणी रक्तात किती कोलेस्टेरॉल या कणांत आहे एवढीच माहिती. ते कोलेस्टेरॉल कुठून आले आणि यकृतापर्यंत किती पोहोचले, हे त्यातून कळत नाही. म्हणून एचडीएल वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोष्टींवर पैसे घालवू नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मग ट्रायग्लिसराइड कमी करणारी गोळी पुरेशी आहे का? तेही नाही. पेमाफायब्रेट या औषधाची १०,४९७ मधुमेही रुग्णांवरील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्क्यांनी उतरले, पण हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. एपो बी असलेल्या कणांची संख्या घटली नव्हती, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे.

एका उदाहरणाने रिपोर्ट वाचून पाहू. समजा, एकूण कोलेस्टेरॉल १९०, ट्रायग्लिसराइड २६० आणि एचडीएल ३२ आहे. १९७२ पासून वापरात असलेल्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार ट्रायग्लिसराइडला पाचने भागायचे, म्हणजे ५२; मग १९० मधून ३२ आणि ५२ वजा केले की एलडीएल १०६ येते. आकडा फारसा भीतीदायक नाही. पण एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा केले तर १५८ उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि त्यात एलडीएल, व्हीएलडीएल व त्यांचे अवशेष, म्हणजे धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतील कोलेस्टेरॉल येते. सीईटीपीने या कणांत आपापसांत कितीही फिरवाफिरव केली तरी त्यांची बेरीज सुटत नाही. नॉन-एचडीएलचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. ज्याचे एलडीएल १०० च्या आत हवे, त्याचे नॉन-एचडीएल १३० च्या आत हवे. वरच्या रिपोर्टमधील माणूस त्या मर्यादेच्या बराच पुढे आहे. यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त एक वजाबाकी आहे. परवडत असेल तर एपो बी ची तपासणी करावी: प्रत्येक कणावर एकच एपो बी असल्यामुळे ती जवळजवळ कणांची मोजणीच ठरते.

उपाय कोणता, हे डॉक्टर वय, रक्तदाब, साखर आणि कुटुंबातील इतिहास पाहून ठरवतील, आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू करायला सांगितले तर ‘एलडीएल तर नॉर्मल आहे’ म्हणून ते टाळू नये. रोज भरभर चालण्याने स्नायूंतील लायपेज वाढते आणि कण लवकर रिकामे होतात. वजन पाच-दहा टक्के उतरले तरी यकृत व्हीएलडीएल कमी सोडते. बिडी-सिगारेट बंद करावी. जेवणाबाबत बोलायचे तर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, भरीत आणि डाळी यांत दोष नाही. भरितावर ओतलेले तेल, शेवभाजीची तर्री आणि त्यावरची तळलेली शेव रोजची झाली तर आहे, आणि साखर व दारू ट्रायग्लिसराइडला त्याहून लवकर चढवतात.

अक्कलकुवा किंवा धडगावहून नंदुरबारला तपासणीसाठी येणारे अनेक जण पहाटेपासून उपाशी असतात, त्यांत मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारेही असतात. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि नॉन-एचडीएल यांत जेवणामुळे फारसा फरक पडत नाही, म्हणून पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याचा आग्रह युरोपातील तज्ज्ञ गटांनी २०१६ मध्येच सोडला. जेवणानंतरच्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आले, तर मात्र पुन्हा उपाशीपोटी रक्त द्यावे लागते, कारण त्या पातळीवर फ्रीडवाल्डचे सूत्रही चालत नाही. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्याने उपाशी यायचे की नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.